न वाचता केलेली सही

मला फुटबॉल आवडत नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या घराण्यात असं म्हणणं म्हणजे देवघरात चपला घालून शिरण्यासारखं आहे. दर शनिवारी सकाळी मी कार्डिफच्या एका चिखलाच्या मैदानाकडेला छत्री धरून उभी असते, कारण माझी नात मुलींच्या संघात खेळते आणि तिच्या आईची त्या वेळी हॉस्पिटलात ड्यूटी असते. नातीनं गोल केला की माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तिला वाटतं ते कौतुकाचं आहे, मी सांगते थंडीचं आहे. दोन्ही खरं नाही. ते पाणी ग्लासगोतल्या एका वर्षाचं आहे, आणि त्याला जुन्या जळफळाटाचा वास आहे. या वयात माणसानं मत्सर सोडून द्यावा म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मॉयराला पाहिलेलं नाही.

आम्ही तेव्हा ग्लासगोत एका काळवंडलेल्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. पपा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. त्यामुळे घरी ते स्वतःच बहुतेक वेळा पेंगत असत. आई दिवसभर घर, शिवणाचं मशीन आणि खिडकीबाहेरचा पाऊस यांच्याशी बोलत असायची. मी सहा वर्षांची असताना आम्ही कोल्हापूरहून तिथे गेलो. माझं मराठी तिथल्या पावसात विरघळून जायचं ते गेलं नाही, याचं कारण आबा, माझे आजोबा. दर महिन्याला त्यांचं एक पत्र पपांना यायचं आणि एक वेगळं, माझ्या नावावर. त्याला मी मराठीत उत्तर लिहायचं, आणि पुढच्या पत्रासोबत माझंच उत्तर लाल शाईनं दुरुस्त होऊन परत यायचं. 'अक्षर सुधारले. विचार अजून गिचमिड आहेत.' असा शेरा. शाळेतल्या पोरींकडे पोनी होते, कॅराव्हॅन होत्या, समुद्रकाठच्या आज्या होत्या. माझ्याकडे लाल शाईचे आबा होते, आणि ते फक्त माझे होते.

आबांचं मोठेपण मला तोंडपाठ होतं. युद्धाच्या काळात, बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत होते. अंगावर वॉरंट, मुक्काम उसाच्या फडात. पुढे आमदार झाले, दोनदा. तिसऱ्यांदा पडले, आणि मग जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले ते कुणी उठवीपर्यंत उठलेच नाहीत. मी हे सगळं एकदा वर्गात उभी राहून सांगितलं. माझे आजोबा तुमच्या सरकारविरुद्ध लढले, असंही सांगितलं. बाई म्हणाल्या, "हाऊ इंटरेस्टिंग," आणि नद्यांचा धडा पुढे चालू केला. गंमत अशी की आबांना स्वतःला विचारलं तर ते फुटबॉलपासून सुरू करत, नाइलाजानं आमदारकीवर येत, आणि बेचाळीसचं नाव काढलं की चष्मा पुसायला घेत.

पपा किती वर्षं त्यांना बोलवत होते, पण आबांना मैदान सुटत नव्हतं. मग एका हिवाळ्यात त्यांचं पत्र आलं. गुंडा गेला, असं त्यात होतं. हा गुंडा म्हणजे त्यांचा चळवळीतला जुना सोबती, नंतर त्यांच्याच फुटबॉलच्या मैदानाचा राखणदार. पुढच्या ओळीत लिहिलं होतं, 'आता वर्षभर तिकडे येऊन राहतो म्हणतो.' या दोन ओळींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात तर फक्त आनंद होता. मी माझी खोली त्यांना दिली आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागले, तेही मिरवत.

आबा आले ते दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे आणि दुसरीत कांदा-लसूण मसाला. त्या बॅगेचा वास घराच्या पडद्यांना लागला तो आम्ही ते घर सोडेपर्यंत गेला नाही. ज्वारीचं पीठ काही तिथे मिळेना. शेवटी आईनं स्कॉटिश दुकानातलं बारीक ओटमील आणून त्याच्या भाकऱ्या थापल्या. आबांनी पहिला घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, "सूनबाई, भाकरी इंग्रजी बोलती, पण पोटभर बोलती." आई त्या दिवशी खूप दिवसांनी हसली. आम्ही घरात चौघं, पण आबा आल्यापासून एक भाकरी जास्त व्हायची. जेवणं झाली की ती कापडाखाली झाकून ठेवायची. तिला म्हणायचं 'येणाऱ्याची'. भूमिगतांच्या काळी गावोगावच्या बायका अशी एक भाकरी बाजूला ठेवायच्या. कुणी दार वाजवलं तर वाढायची, नाव विचारायचं नाही, की कुठून आला ते विचारायचं नाही. आबांनी ती रीत आमदार झाल्यावरही मोडली नव्हती. ग्लासगोत तिसऱ्या मजल्यावर कोण येणार कपाळ! ती भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मी खायची. शिळी, कडक, दाताला झुंजवणारी. मला ती हक्काची वाटायची.

आणि मला नाव हवं होतं. भूमिगत माणसाला एक वेगळं नाव असायचं, हे मी पपांकडून ऐकलं होतं.

"आबा, तुमचं नाव काय होतं तेव्हा?"

"ते सांगायचं नसतं. लिहायचं तर मुळीच नसतं."

"मग मला तरी एक द्या."

"मागून मिळत न्हाई पोरी. अवघड निरोप पोचवला की मिळतं."

मग मी महिनाभर निरोप पोचवत सुटले. आईचा निरोप खाटकाकडे, पपांचा निरोप हॉस्पिटलात, शेजारच्या बाईंचा निरोप दूधवाल्याकडे. परत आले की आबांसमोर उभी राहायची. ते म्हणायचे, "झालं काम? शाब्बास." बस्स. शाब्बासकीनं पोट भरत नव्हतं.

मॉयरा तळमजल्यावर राहायची. तिचे वडील बस चालवायचे. माझ्याच वर्गातली, माझी त्या शहरातली एकुलती एक मैत्रीण. केस मुलांसारखे कापलेले, गुडघे कायम फुटलेले. इमारतीच्या मागे कपडे वाळत घालायचं सामायिक हिरवळीचं अंगण होतं. तिथल्या भिंतीवर ती शाळेतून आली की अंधार पडेपर्यंत बॉल मारत बसायची. ठप, ठप, ठप. तो आवाज तीन मजले चढून आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आई म्हणायची, "तुझी मैत्रीण पोळ्या बडवतेय बघ." आबा आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी ती मला बोलवायला वर आली, काखेत बॉल. आबांनी चष्मा वर केला. तिच्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "तिला म्हणावं, बॉल खाली ठेव. आणि डाव्या पायानं हिकडं दे."

मी सांगितलं. तिनं दिला. बॉल आईच्या शिवणाच्या मशीनवर जाऊन आपटला.

"उजव्याला लाडावलंय आणि डावा उपाशी ठेवलाय," आबा म्हणाले. "सांग तिला."

तेही मी सांगितलं. सुरुवातीला मला अभिमानच वाटला. आबांचं इंग्रजी कोर्टात शोभेल असं सावकाश आणि शुद्ध होतं. ते ग्लासगोत कुणाला कळत नव्हतं, आणि ग्लासगोचं आबांना कळत नव्हतं. त्यामुळे अंगणात रोज संध्याकाळी मी दोघांच्या मध्ये उभी. पपांचा जुना ओव्हरकोट, मफलर आणि पांढरी टोपी अशा थाटात आबा छत्रीचं टोक रोखून काही बोलायचे, मी ते तिला सांगायची, ती काही विचारायची, मी ते त्यांना सांगायची. त्यांच्यातलं सगळं माझ्या तोंडातून जात होतं. मग एके दिवशी आबा काही बोलले आणि मी तोंड उघडायच्या आत मॉयरा हसली. आबाही हसले. मला विनोद कळलाच नव्हता. त्या दिवशी माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे वर्षभर थांबलं नाही.

बघता बघता सगळंच तिचं होत गेलं. ती मला बोलवायला यायची ती आता आबांना बोलवायला यायला लागली. 'आबा' म्हणायला लागली, ते मी कुणालाही म्हणू दिलं नसतं. एकदा संध्याकाळी ती भुकेली दिसली म्हणून आबांनी कापडाखालची येणाऱ्याची भाकरी तिच्यापुढे ठेवली. तिनं तिला बटर आणि स्ट्रॉबेरीचा जॅम लावला. मी आबांकडे पाहिलं, आता ते काहीतरी बोलतील. ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले आणि म्हणाले, "सूनबाई, मलाबी जरा जॅम द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाखाली काहीच नव्हतं. मी आईला म्हटलं, मला भूक नाही. आई म्हणाली, "काय झालंय तुला? तोंड का एवढं एरंडेल प्यायल्यासारखं?" मी सांगितलं नाही. शिळ्या भाकरीवरून रडू येतंय असं कसं सांगणार?

आमच्या भागातल्या मुलांचा एक संघ होता. त्याचे कोच म्हणजे आमचे पोस्टमन. बिचारे दिवसभर लोकांचे कागद वाटायचे, त्यामुळे संघाच्या कागदांना हात लावायला त्यांना नको व्हायचं. आबांनी मैदानावर त्यांच्याशी ओळख करून घेतली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचा कागदांचा खोका आमच्या घरी आणला. ते मैदान गवताचं नव्हतं, तांबड्या भरड भुकटीचं होतं. ग्लासगोत तेव्हा तशी पुष्कळ होती. पडलं की गुडघ्याचं साल निघायचं. आबांनी चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाले, "तालमीतली माती हिकडं कुणी आणून टाकली?" त्या खोक्यात लीगचं नियमांचं पुस्तक होतं. ते त्यांनी तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "ह्यात 'खेळाडू' असं लिहिलंय. 'मुलगा' असं एकदाही लिहिलेलं न्हाई."

तर मॉयराचं नाव, नुसतं आद्याक्षर आणि आडनाव असं, संघात नोंदलं गेलं. कोचना माहीत होतं, मुलांना माहीत होतं. लीगवाल्यांना नव्हतं. आबांचा बेत पक्का होता. "आधी चार मॅच होऊ देत. मग मीच लीगच्या कमिटीपुढं जाऊन उभा राहणार. न खेळलेल्या पोरीला न्हाई म्हणायला एक मिनिट लागतं. खेळून जिंकलेल्या पोरीला बाहेर काढायचं तर तोंड दाखवावं लागतं." हे ते मला सांगत होते, कारण पत्रं मी लिहायची. आबा मराठीत मजकूर सांगायचे, मी ते तिथल्या साध्या इंग्रजीत उतरवायची आणि ते सही करायचे. आबा कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय सही करत नसत. पपांनी आणलेल्या लायब्ररीच्या साध्या फॉर्मवरही त्यांनी अर्धा तास घालवला होता. माझी पहिली दोन पत्रं त्यांनी तशीच वाचली. तिसऱ्या वेळी मी कागद पुढे केला तेव्हा पेनाचं टोपण काढून ते थेट सहीवर आले. "तुझं काय वाचायचं," म्हणाले.

त्या एका वाक्यावर खरं तर माझं पोट भरायला हवं होतं. आज वाटतं, याहून मोठं काही त्यांनी मॉयराला कधीच दिलं नव्हतं. पण जळणाऱ्याला स्वतःचं ताट दिसत नाही, शेजारचं दिसतं.

तिसरी मॅच पावसात झाली. मॉयराचा गुडघा पहिल्याच दहा मिनिटांत फुटला होता, मोजा लाल झाला होता. शेवटी शेवटी तिनं डाव्या पायानं, त्या उपाशी ठेवलेल्या डाव्या पायानं, गोल केला. कडेला उभ्या असलेल्या आबांनी छत्री टाकली आणि तिला हाक मारली. तिच्या नावानं नाही. दुसऱ्याच एका नावानं, मराठी, जुन्या, ठणठणीत नावानं. आणि ती वळली. म्हणजे तिला ते आधीच ठाऊक होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे, आणि लिहायचं नसतं एवढं मला कळतं.

घरी येताना मी विचारलं, "तिला का दिलंत?"

"तिनं मिळवलं."

"मी इतके निरोप पोचवले."

"ते सोपे होते गं," आबा सहज म्हणाले. त्यांचं लक्ष ओल्या टोपीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी लीगच्या सेक्रेटरींना पत्र सांगितलं. चौथी मॅच दुपारच्याऐवजी सकाळी ठेवता येईल का, एवढंच. मी ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली. आमच्या संघातला लेफ्ट विंगवरचा खेळाडू मुलगी आहे, हेही आपल्या माहितीसाठी कळवीत आहोत. आणि कागद आबांपुढे ठेवला. त्यांनी टोपण काढलं, सही केली, टोपण लावलं. मी पत्र कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. मला बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं. येताना मी दोन दोन पायऱ्या चढले.

आठवड्यानं उत्तर आलं. मॉयराची नोंदणी रद्द. ती खेळलेल्या तिन्ही मॅच संघ हरला असं धरण्यात येईल. 'आपण स्वतःहून प्रामाणिकपणे कळवलंत याबद्दल आभारी आहोत,' असं शेवटी. आबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनी ते पत्र एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट त्या शेवटच्या ओळीवर थांबलं. मी सिंकपाशी कप विसळत होते, एकच कप, पुन्हा पुन्हा. त्यांनी पत्राची घडी घातली, कोट चढवला आणि जिना उतरले. मला चल म्हणाले नाहीत.

मी कठड्यावरून वाकून ऐकत राहिले. तळमजल्याचं दार उघडलं. आबांचं सावकाश इंग्रजी जिन्यातून वर आलं. "पत्र मी पाठवलं. सही माझी आहे. चूक माझी आहे. तुझं आणि तुझ्या संघाचं नुकसान मी केलं." मग मॉयरा म्हणाली, "तुम्हीच? तुम्ही म्हणाला होतात चार मॅच होऊ दे." आबा म्हणाले, "हो, म्हणालो होतो." आणि दार लागलं. जोरात लागलं. आबांना तीन मजले चढायला किती वेळ लागला ते मला आजही सांगता येईल, कारण तेवढ्या वेळात मी सोफ्यावर पांघरुणात शिरून अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते.

मग मला हवं होतं ते सगळं मिळालं. मॉयरा वर येईनाशी झाली. शाळेत कुणाशीच बोलेना, मलाही टाळायला लागली, कारण मी त्यांची नात. पोस्टमननी कागदांचा खोका परत नेला. जाताना ते आबांशी नीट बोलले नाहीत. आबा पपांना हसत म्हणाले, "आयुष्यात निवडणूक बी हरलो, पण कमिटीतनं काढून टाकलं ते ग्लासगोनंच." आबा पूर्णवेळ माझे झाले. ते मला व्याकरण शिकवायचे, रामरक्षा म्हणून घ्यायचे, संध्याकाळी मागच्या खिडकीशी बसायचे. खालून ठप ठप येत नव्हती. कापडाखालची भाकरी सकाळी पुन्हा मला मिळायला लागली आणि ती घशाखाली उतरेना. ते मला रागावले असते, कान उपटला असता, पपांना सांगितलं असतं तर मी उलट भांडले असते, माझी तयारी होती. तसलं काहीच झालं नाही. एकदा पेन्शनसंबंधी काही पत्र लिहायचं होतं. मी लिहिलं, पुढे ठेवलं. आबांनी टोपण काढलं आणि थेट सही केली. न वाचता. त्या वेळी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

एका रविवारी दुपारी आई-पपा कुणाकडे तरी जेवायला गेले होते. बाहेर तिथला तो बारीक, न संपणारा पाऊस. आबा खिडकीशी, मी जमिनीवर गृहपाठ घेऊन. त्यांनी चष्मा काढला, पुसायला घेतला आणि मी काही विचारलेलं नसताना बेचाळीसबद्दल बोलायला लागले.

"गुंडा आणि मी एकाच तालमीचे. फुटबॉलमध्ये त्याचा पाय लई गोड. अनवाणी खेळायचा. चळवळीत बी तसाच, वाऱ्यासारखा जाऊन यायचा. आमचे पुढारी सगळं अवघड काम त्याला द्यायचे. नाव बी त्याला आधी मिळालं. मला न्हाई." चष्म्याची काच त्यांनी पुन्हा पुसली. "नदीकाठच्या एका गावात आमचं एक घर होतं. पोलीस आले तर माळवदावर लाल लुगडं वाळत टाकायचं, म्हणजे येणारा लांबूनच परतायचा. त्या दिवशी लुगडं टाकायची पाळी माझी. पोलीस आल्याले मी बघितले. लुगडं हातात घेतलं. आणि बसलो."

"का?"

"म्हटलं, येऊ दे जरा जवळ. घाबरू दे थोडा. सगळे त्याचंच कौतुक करत्यात, एकदा त्याची बी तारांबळ उडू दे. एवढंच मनात होतं. पकडून द्यायचं मनात न्हवतं. मग टाकलं लुगडं. पण तवर तो ओढा ओलांडून अलीकडं आला होता."

पाऊस तसाच चालू होता. आबांनी चष्मा डोळ्यांवर न लावता हातातच धरला.

"चौकीत त्याचा गुडघा फोडला. माझं नाव त्यानं घेतलं न्हाई. सुटला, पण पुन्हा बॉलला पाय लावता आला न्हाई त्याला. मी आमदार झालो, संघटनेचा अध्यक्ष झालो. मैदान बांधलं, त्याला तिथं नोकरी दिली. लंगडत लंगडत मैदानावर चुन्याची फक्की मारायचा, रेघ मात्र सरळ सुतासारखी. सगळ्या गावाला सांगायचा, आबासाहेब माझ्यासाठी लई करत्यात. मी ऐकून घ्यायचो. रोज म्हणायचो, आज सांगू, सणाला सांगू, मॅच झाल्यावर सांगू. गेल्या हिवाळ्यात तो गेला." मग ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आता हा निरोप पोचवायचा कुठं, सांग."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पत्राचं नाव काढलं नाही, मॉयराचंही नाही. म्हणाले, "चहा टाकतीस का जरा?"

मी चहा केला, त्यांच्यापुढे ठेवला आणि तीन मजले उतरले. तो जिना मी हजारदा उतरले असेन. त्या दिवशी प्रत्येक पायरीवर मला एक एक कारण सुचत होतं. कशाला सांगायचं, आबांनी मिटवलंय. सांगितलं तर ती पुन्हा वर येणार, पुन्हा तेच सगळं सुरू होणार, भाकरी, जॅम, हसणं. न सांगितलं तर आबा माझे, निदान वर्ष संपेपर्यंत. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मी दार वाजवलं.

मॉयराच आली. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं. ती ओळ मी लिहिली. आबांना माहीत नव्हतं, त्यांनी न वाचता सही केली. मी मुद्दाम लिहिली. ती मारेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"त्यांच्या तोंडावर मी दार लावलं," ती म्हणाली. "ते म्हातारे गृहस्थ इथे उभे होते आणि मी दार लावलं."

मग मला बाजूला ढकलून ती वर पळाली. मी तळमजल्याच्या पायरीवर बसून राहिले. वरून आधी तिचं रडणं आलं, मग आबांचा आवाज, मग बऱ्याच वेळानं दोघांचं हसणं. दुभाष्याची गरज कुणालाच नव्हती.

ती लीगमध्ये पुन्हा खेळू शकली नाही. आबा कमिटीपुढे जाऊन उभे राहिले, पण मी बेत आधीच फोडल्यावर त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. लीगनं नियमाच्या पुस्तकात 'मुलगा' हा शब्द घालून टाकला. माझ्या एका ओळीनं एवढं झालं. मॉयरा माझ्याशी पुढे दोन वर्षं बोलली नाही. आता बोलते. ती त्या शहरातल्या मुलींच्या फुटबॉलची मोठी अधिकारी होऊन निवृत्त झाली. मध्यंतरी फोनवर सहज सांगत होती की तिच्या टेबलावर कायम आबांचा फोटो असायचा, त्या तांबड्या मैदानावरचा, टोपी आणि मफलरमधला. माझ्याकडे तो फोटो नाही. एक प्रत पाठवते म्हणाली. मी नको म्हटलं. प्रत कशाला हवी मला?

त्या रविवारी मी वर गेले तेव्हा मॉयरा माझ्या खुर्चीत बसून येणाऱ्याची भाकरी खात होती. जॅम लावून. मला पाहून ती उठली आणि माझ्या अंगावरून न बोलता निघून गेली. ताटात चतकोर उरला होता. मी उभीच होते. वाटलं, चला, तेही गेलं, हेही गेलं. माझ्यासारखी मूर्ख दुसरी नाही. आबांनी तो चतकोर उचलला, जॅमची बाजू सुरीनं खरवडून काढली, त्यावर चिमूटभर मसाला आणि तेलाचे दोन थेंब टाकले आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मग वाकून माझ्या कानाशी एक नाव उच्चारलं. एकदाच.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. माझ्या नवऱ्याला ते कधी कळलं नाही, मुलीला माहीत नाही, नातीला सांगणार नाही. मॉयरानं दोन-तीनदा विचारलं, आडून आडून, अगदी गोड बोलून. मी विषय बदलते. आबांचा फोटो तिच्याकडे राहू दे. हे माझं आहे.